एक टक म्हणजे होय

आमच्या घरात कुणी चोरून ऐकत नाही, हे मी तुळशीवर हात ठेवून सांगत असे. आणि माझं मौन? रोज उठल्यापासून दुपारी बारापर्यंत! अकरा वर्षांत एकदाही मोडलेलं नाही. मांजर तुपात पडलं तरी तोंडातून 'अगं बाई' नाही!

पण लेक नीलम दौंडला दिलेली. रोज सकाळी नऊला तिचा फोन. नव्याण्णव साली आमच्याकडं एकाच लाइनीवर दोन फोन होते. एक यांच्या बैठकीत, एक माझ्या देवघराशी. नीलम विचारायची, मी रिसीव्हरवर नखानं उत्तर द्यायची. एक टक म्हणजे होय, दोन टक म्हणजे नाही.

"आई, भगर खाल्लीस?" टक. "बाबा पथ्य पाळतात?" टक-टक!

एका गुरुवारी नऊला घंटी वाजली. मी धावत उचलला, तर बैठकीत यांनीही उचललेला! पलीकडं यांचे दोस्त चांदभाई. दोघंही पंचायतीचे सदस्य. मी ठेवणारच होते, तेवढ्यात चांदभाई म्हणाले, "मारुतराव, सरपंचावर अविश्वास आणायचा. सात सह्या हुतील ना?"

सह्या तर चारच, कागद मीच बघितलेला! सवयीनं नख चाललं. टक-टक.

"कोण हाय रं?" हे ओरडले.

"फोन टॅप हाय!" चांदभाई कुजबुजले. "थांबा, इचारतो. ये बाबा, व्हय असंल तर एकदा वाजव, न्हाई तर दोनदा. दिल्लीचा हायस?"

व्रतात खोटं कसं सांगायचं? टक-टक.

"मुंबईचा?" टक-टक.

"मग आपला जालिंदर हायस?"

घाबरून रिसीव्हर आदळला. खट्! एकदाच.

जालिंदर म्हणजे तालुक्याचा गोपनीय हवालदार. तो गोपनीय आहे हे शिरूरपासून सणसवाडीपर्यंत सगळ्यांना माहीत, कारण चहा पिताना तोच सांगायचा!

पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला ग्रामसभा. ठराव एकच, जालिंदरची बदली! मधल्या सात दिवसांत दुपारी मला बोलता आलं असतं. पण यांच्या मिशा थरथरताना बघितल्या की म्हणायची, उद्या सांगू.

जालिंदर रडकुंडीला आलेला. "मारुतराव, पंधरा दिसांवर लेकीचं लगीन हाय, गडचिरोलीला कुठं धाडता! माझ्या सायकलची घंटी वाजत न्हाई, तुमचा फोन कशानं वाजवू?"

"पोलीस आपल्यावर नजर ठेवणार," चांदभाई गरजले, "पोलिसावर साहेब, साहेबावर मंत्री. आन् मंत्र्याला मत कुणी दिलं? आपण! मंग कोण कुणाचं ऐकतं, ह्याच्यावर नजर आपणच ठिवायची. समिती करा! जालिंदरला घालवायचं का न्हाई ते समितीच ठरवील."

टाळ्या!

"अध्यक्ष कोण?"

"मुक्तावहिनी! जी बाई निम्मा दिवस बोलतच न्हाई, ती चुगली काय करणार?"

आणखी टाळ्या! सगळ्यांच्या माना माझ्याकडं. हे तर अभिमानानं फुगून ढोल झालेले. "काय वो, मान्य हाय ना?"

मान हलवायची, एवढंच. पण जालिंदर गाईच्या वासरासारखा माझ्याकडं बघत होता. समोरच्या टेबलावर नख आपोआप चाललं.

टक-टक.

सभा गार! यांचा ढोल फुटला. हळूच जवळ येऊन चांदभाईंनी विचारलं, "वहिनी... फोनवर तुम्हीच व्हता?"

टक.

हसू असं उसळलं की पंचायतीचा पत्रा उडाला असता! जालिंदरची बदली टळली, लेकीचं लग्नही झालं. समिती मात्र राहिली. ठराव झालेला, मोडायचा कसा? अध्यक्ष बदलला, एवढंच.

आता रोज नऊला अध्यक्ष जालिंदर आमच्या ओसरीवर बसतो आणि मी फोन कधी उचलला, कधी ठेवला, ते वहीत लिहितो. चहा अर्थात माझ्याकडून.

आणि चहात साखर कमी पडली की मेला काही बोलत नाही. कपावर नुसतं नख वाजवतो. दोनदा!