इशाऱ्यावरचे पंजे

आमच्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांच्या डोक्याची काळजी फार बारकाईनं घेतली जाते. त्यासाठी नऊ जणांची हेल्मेट-समिती आहे. समितीला नियमावली आहे, नियमावलीला परिशिष्टं आहेत, आणि प्रत्यक्ष हेल्मेटांसाठी मी आहे. बावीस वर्षं मी त्यांच्या आतल्या गाद्यांत हवा भरते, हनुवटीचे पट्टे बसवते. पोरं मला मिस वर्ना म्हणतात. ज्याची धडक जबर, त्याच्या हेल्मेटावर कोच हॅलिगन दर सोमवारी स्वतःच्या हातानं अस्वलाच्या पंजाचं स्टिकर लावतात.

त्या शनिवारी सामन्याच्या चौथ्या, शेवटच्या सत्रात देमारियसनं बत्तिसावा पंजा कमावला. धडकला, पडला, उठला, आणि शांतपणे जाऊन समोरच्या संघाच्या बाकावर बसला.

संघाची फिजिओ प्रिसिला त्याला हाताला धरून घेऊन आली आणि अशा वेळी करतात तेच तिनं केलं. त्याचं हेल्मेट काढून माझ्याकडे दिलं. समजावलेलं पोरांच्या डोक्यात शिरत नाही, पण हेल्मेटच नसेल तर मैदानात जाता येत नाही. मी त्यावर टॉवेल टाकला आणि वर बसले.

"मिस वर्ना, दुसरं सत्र सुरू झालं का?" देमारियसनं विचारलं.

"चौथं चाललंय, बाळा."

"बरं." मग जरा वेळानं, "दुसरं सुरू झालं का?"

चार मिनिटं उरली होती. आम्ही तीन गुणांनी मागे होतो. कोच आले.

"त्याचं हेल्मेट कुठंय?"

"इथंच कुठंतरी असेल की."

"तुम्ही कशावर बसलाय?"

"गुडघे दुखतात हो कोच. मिळेल त्यावर बसते."

कोचनी समितीचे सचिव मिस्टर व्हिटकोम यांना बोलावलं. ते फॉर्म घेऊनच आले. मला उठवलं.

"कवचाला तडा?"

"नाही."

"हवेचा दाब?"

"नियमाप्रमाणे."

"मग बिघडलंय काय?"

"डोकं," प्रिसिला म्हणाली.

त्यांनी फॉर्म उलटून पाहिला. "डोक्याचा रकाना नाही, मॅडम. डोकं आमच्या सामानात येत नाही."

त्यांनी सहीसाठी पेन टेकवलं. मी म्हटलं, "साहेब, मागचा इशारा वाचता यायला हवा ना? कलम अकरा."

प्रत्येक हेल्मेटाच्या मागे छापलेलं असतं: कुठलंही हेल्मेट डोक्याची इजा पूर्णपणे टाळू शकत नाही. देमारियसच्या हेल्मेटावर ते वाक्य एकतीस पंजांखाली गाडलं गेलं होतं.

व्हिटकोम पांढरे पडले. त्या दुपारी त्यांना पहिल्यांदाच धोका दिसला. "हे गंभीर आहे. इशारा दिसल्याशिवाय हा मुलगा मैदानात जाणार नाही."

"दुसरं हेल्मेट द्या," कोच म्हणाले.

"त्याच्या मापाचं नाही. कलम सात."

"मग खरवडा."

मी खरवडू लागले. नखानं, कडेकडेनं, एकेक पंजा. डिंक उत्तम होता, समितीनंच मंजूर केलेला.

"जरा हात चालवा, मिस वर्ना."

"चालवतेच आहे, कोच. पण ओरखडा पडला तर कलम चौदा."

व्हिटकोमनी मान डोलावली.

सत्तर हजार लोक देमारियसच्या नावाचा घोष करत होते. तो त्यांना हात हलवत होता, आणि मधूनच मला सत्र विचारत होता.

सत्ताविसाव्या पंजाला शेवटची शिट्टी झाली. तोवर इशाऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे झाकलेले उरले होते.

सोमवारी समितीनं कडक ठराव केला: यापुढे पंजे हेल्मेटाच्या फक्त पुढच्या बाजूला लावावेत. गावात आता माझ्याशी फारसं कुणी बोलत नाही. जे बोलतात, ते एवढंच विचारतात की चार मिनिटांत चार स्टिकरं जास्त निघाली नसती का.

तुमच्याही मनात सामन्याचं काय झालं हे आलंच असेल, म्हणून सांगून टाकते. हरलो, तीन गुणांनी.

देमारियस कसा आहे, ते कुणी विचारलं की सांगेन.