मगनीरामशेटजींची पकड

आमच्या परतूरला मगनीरामशेटजींच्या अडत दुकानात शिरायचं तर आधी आपले घोटे सांभाळावे लागत.

दुकानाला उंच ओटा होता. पायऱ्या चढून आत गेलं की डाव्या हाताला पांढरी गादी, गादीवर लोड आणि लोडाला टेकलेले शेटजी. समोरून जाणाऱ्याचे पाय नेमके त्यांच्या हाताशी येत. हात कधी बाहेर आला ते कुणाला दिसायचं नाही. एकदम घोटा आवळला जायचा आणि खालून आवाज यायचा, "आता सुटून दाखव!"

कापूस घेऊन आलेले शेतकरी, टपालवाला, तहसिलीतला कारकून, देवळातले पुजारी, कुणाचाही घोटा त्यांनी वगळला नाही. जो जोरात पाय ओढायचा त्याला शेटजी आदराने म्हणायचे, "ह्याला दोघांनी धरावं लागन." जो गोंधळून नुसता उभा राहायचा त्याच्याकडे दयेने बघायचे, "हा तर धरायच्या आधीच बाद हाय."

एकदा त्यांचे नवे जावई इंदूरहून पहिल्यांदाच सासुरवाडीला आले. रेशमी कुडता, डोक्याला फेटा, मागे सामान घेतलेला नोकर. जावई ओटा चढून आत आले आणि शेटजी झेपावले. मारवाड्यांमध्ये जावयाचा मान मोठा. सासरा पाया पडतो आहे असं वाटून जावई गहिवरले, "नका, नका बाबूजी" म्हणत त्यांना उठवायला खाली वाकले. शेटजींनी घोटा हलवून पाहिला, सोडला आणि मुनीमजींकडे वळून म्हणाले, "मानूस चांगला हाय. पन पाय ढिला."

हे सगळं कशासाठी, तर हुतूतूसाठी.

निजामाचा अंमल जाऊन थोडीच वर्षं झाली होती. गावात करमणूक म्हणजे हुतूतू. रामनवमीला जांब समर्थच्या जत्रेत गावागावांचे सामने व्हायचे. आम्ही दर वर्षी शेवटच्या सामन्यापर्यंत जायचो आणि दर वर्षी पिंपळखेड्याकडून हरून यायचो. चढाईत आम्ही कुणाला ऐकत नव्हतो. मार खायचो तो पकडीत. समोरचा गडी आमच्यात शिरायचा, दोघा-तिघांना शिवायचा आणि मासळीसारखा निसटून जायचा.

शेटजी स्वतः कधी खेळले नसावेत. ओट्याच्या पायऱ्या उतरल्या तरी त्यांना दम लागायचा. पण आमच्या पकडीचा घोर त्यांच्याइतका कुणालाच नव्हता. लग्नात भेटोत, बाजारात भेटोत, त्यांचा प्रश्न ठरलेला, "काय दत्तू, पुढच्या साली पकड सुधरन का?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणायचे, "सुधरन. बिलकुल सुधरन." एकदा आम्ही एका म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेला गेलो होतो. चौघांनी तिरडी उचलली तेव्हा शेटजी माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "बघ. कुनी धर म्हनलं का? तरी चौघं एकदम उठले. ह्याला म्हनायचं पकड."

तो दत्तू म्हणजे मी. संघाचा कप्तान, आणि स्वतःच सांगतो, त्या भागातला पहिल्या नंबरचा चढाईवाला. मी मधली रेघ ओलांडली की माणसं उठून उभी राहायची. तिघांना बाद करून परत आलो की लोक खांद्यावर घ्यायचे. आणि त्या गर्दीतून शेटजी पुढे यायचे, माझ्याकडे बघून म्हणायचे, "पळून आला बराबर. पन पकड?"

मग ते वळायचे खंडूकडे. खंडू आमचा डाव्या कोपऱ्यातला गडी. सरकीच्या पोत्यासारखा जड, बोलायला मंद, पण हातात आलेलं सोडायचा नाही. शेटजी त्याची मनगटं चाचपून पाहायचे. त्याच्यासाठी गादीखाली तिळाच्या तेलाची बाटली ठेवलेली असायची. संध्याकाळी आम्ही सगळे ओट्यावर जमायचो तेव्हा शेंगदाणे-गुळाचं ताट आधी खंडूपुढे सरकायचं. मी जळायचो. तिघांना बाद करून आलेला मी, आणि ताट पहिल्यांदा खंडूपुढे!

त्याहून एक गोष्ट मला फार लागायची. अख्ख्या गावाचे घोटे धरणाऱ्या या माणसाने माझा घोटा कधी धरला नाही. मी मुद्दाम त्यांच्यासमोरून सावकाश जायचो. एकदा तर काही काम नसताना तुरीचा भाव विचारत उभा राहिलो आणि एक पाय थेट गादीच्या कडेवर ठेवला. शेटजींनी पायाकडे पाहिलं. मी मनातून तयार झालो.

"पाय काढ भाया," ते म्हणाले, "गादी मळन."

त्याच क्षणी मागून खंडू आला आणि त्याचा घोटा धरला गेला. दोघं खिदळत बसले. मला वाटलं, यांच्या लेखी आपण धरण्याच्या लायकीचेही नाही.

एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला शेटजींना एकाएकी सुचलं. आम्ही ओट्यावर सराव करत होतो. हात हातात घेऊन साखळी केली होती, एक जण चढाईला आला होता आणि आमच्यातला जो तो ओरडत होता, "धर! धर!" शेटजी वैतागून उठून बसले.

"अरे, वरडता कशाला? तुमचं वरडनं ऐकून तो पळून जातो. बाजारात भाव कोनी वरडून ठरवतो का?"

आमच्या बाजारात भाव ठरायचा तो रुमालाखाली. घेणारा आणि विकणारा हातात हात घालत, वरून रुमाल टाकत आणि बोटं दाबून एकमेकांना भाव कळवत. शेजारी उभ्या असलेल्यालाही पत्ता लागायचा नाही. शेटजींचं सगळं आयुष्य त्या रुमालाखाली गेलं होतं.

"हातात हात तर तुमचे हायेतच," ते म्हणाले. "मंग बोटांनी बोला की! एक बोट दाबलं, थांब. दोन दाबली, धर. ज्याला बराबर दिसतंय त्यानं दाबायचं, त्यानं पुढच्याला, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. तोंडं बंद."

आम्ही हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. शेटजींनी कोऱ्या मांजरपाटाचा एक लांबलचक तुकडा आमच्या हातांवर टाकला, म्हणजे कुणी बघून शिकायला नको. ओट्यावर सात दांडगे गडी कापडाखाली हात घालून गप्प उभे, आणि शेटजी गादीवरून, "हं... थांब... थांब... आता!" रस्त्याने जाणाऱ्या बायका पदराआड हसायच्या.

सवय इतकी लागली की एकदा खुद्द शेटजीच फसले. एका व्यापाऱ्याशी रुमालाखाली कापसाचा सौदा चालला होता. व्यापाऱ्याचा भाव भलताच चढा होता, शेटजी नकाराची मान हलवत होते. तेवढ्यात एक शेळी ओट्यावर चढून सरकीच्या पोत्यात तोंड घालायला निघाली. शेटजींची नजर शेळीच्या पायावर गेली आणि रुमालाखालची दोन बोटं दाबली गेली. सौद्यात त्याचा अर्थ, भाव कबूल.

"झाला सौदा!" व्यापारी म्हणाला.

मुनीमजी कपाळावर हात मारून बसले. "शेटजी, सांगा की चुकून झालं म्हनून. शेळीला धरायचं होतं म्हनावं."

"दोन बोटं दाबली ना?" शेटजी म्हणाले. "मंग झालं. बाजारात शब्द फिरवायचा न्हाई आन् मैदानात बोट." आणि आमच्याकडे बघून डोळे मिचकावले, "पन टायम बराबर होता का न्हाई? शेळी सुटली नसती."

मी हसलो नाही. आमचे गडी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होते ती माझ्याकडे पाहायची नजर होती. सरावात काही अडलं तर आता कुणी कप्तानाला विचारत नव्हतं. "शेटजी, असं केलं तर?" "शेटजी, तसं केलं तर?" मैदानात कधी पाऊल न टाकलेल्या माणसाने माझा संघ बसल्या जागी गादीवर ओढून घेतला होता.

रामनवमीला जांबला गेलो. शेटजी आमच्याबरोबर बैलगाडीतून आले, खाली उशी घेऊन. शेवटचा सामना पुन्हा पिंपळखेड्याशीच. त्यांचा पहिला चढाईवाला पायांना तेल चोपडून आला होता. तो आत शिरला. आमच्यातून एकही आवाज नाही. तो बिचकला. ओरडा नाही म्हणजे हे बेसावध आहेत असं वाटून आणखी आत आला. माझ्या डाव्या हातावर एक बोट दाबलं गेलं. थांब. आणखी थोडं आत. मग खंडूने दोन बोटं दाबली, ती माझ्यातून पुढे गेली आणि साखळी गप्पकन मिटली. तो खाली पडला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, नुसतं आश्चर्य होतं.

आम्ही जिंकलो. त्यांचे निम्मे गडी पकडीत गेले.

बक्षीस द्यायला एक तहसीलदार आले होते. खेळातले जाणकार. नारळ माझ्या हातात देऊन त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कप्तान, अशी मुकी पकड मी कुठं पाहिली नाही. कुणी बसवली?"

शेटजी तिथेच होते. सामन्याच्या वेळी आम्ही काढून दिलेले सदरे छातीशी धरून, घामाघूम होऊन, पुढच्या रांगेत.

मी म्हणालो, "मी."

टाळ्या पडल्या. खंडूने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. शेटजी? शेटजींनी सदरे काखेत मारून सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. परतीच्या गाडीत मी तोंड लपवून झोपेचं सोंग घेतलं होतं. त्यांनी मला हलवून उठवलं. मला वाटलं, आता बोलतील.

"दत्तू," ते म्हणाले, "उजवा कोपरा अजून ढिला हाय. पुढच्या साली सुधरन का?"

त्यानंतर त्या पकडीला सगळीकडे 'दत्तूची पकड' म्हणायला लागले. मला ते नाव आवडलं. पण शेटजींच्या समोर ती शिकवायची म्हणजे तोंडावर चोरी. मी सराव ओट्यावरून हलवला, कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या मैदानात नेला. कारण सांगितलं, ओटा अपुरा पडतो. शेटजी दोनदा तिथवर चालत आले, धापा टाकत कुंपणाशी उभे राहिले. मी कुणाला त्यांच्याजवळ जाऊ दिलं नाही. मग ते यायचे थांबले.

पुढे मला औरंगाबादला नोकरी लागली, लग्न झालं, खेळ सुटला. चार-पाच वर्षांनी घरच्या कामासाठी परतूरला गेलो होतो. परतीच्या गाडीला थोडा वेळ होता म्हणून, आणि आत काहीतरी टोचत होतं म्हणून, दुकानाकडे वळलो.

ओटा रिकामा होता. कोपऱ्यात तो मांजरपाटाचा लांब तुकडा घडी करून ठेवलेला होता, त्यावर धूळ नव्हती. मुनीमजी वारले होते. शेटाणी तर माझ्या लहानपणीच गेल्या होत्या, लेक इंदूरला. शेटजी लोडाला टेकून बसले होते, बरेच वाळलेले.

"कोन, दत्तू? ये. ये." मग माझ्या पायांकडे बघून, "आता खेळत न्हाईस ना?"

"न्हाई शेटजी. सोडलं."

"बिलकुल?"

"बिलकुल."

हात कधी बाहेर आला ते मला दिसलं नाही. माझा घोटा त्यांच्या मुठीत होता.

 मी विचारलं, "शेटजी, इतकी वर्षं साऱ्या गावाला धरलं. मलाच का न्हाई?"

"येडा हायेस का?" ते खरोखरच रागावले. "मुरगळला असता म्हंजे? खंडूचा पाय काय, बैलाचा पाय. तुझ्या पायावर सारं गाव जांबला जात होतं. त्या दिवशी तू पाय गादीवर ठेवला, हात कसा शिवशिवला माझा! पन न्हाई धरला." मग हसले. "आता सुटून दाखव."

मी पाय ओढल्याचं नाटक केलं. "न्हाई सुटत, शेटजी."

"मंग? कोनाची पकड हाय?"

"तुमची," मी म्हणालो. "जांबची पन तुमचीच होती."

दुकानात आम्ही दोघंच होतो. जे भर जत्रेत बोलायचं होतं ते मी रिकाम्या दुकानात बोललो. ते शेटजींपुरतं राहिलं आणि परतूरला नाव माझंच चाललं. म्हणून या वयात हे लिहितो आहे. दत्तूची पकड अशी काही नव्हती.

शेटजींनी नुसती मान डोलावली, जणू त्यांना यातलं नवीन काही नव्हतंच. पण घोटा सोडला नाही. त्या बोटांत आता जोर राहिला नव्हता, एका हिसक्यात सुटलो असतो. स्टेशनात गाडीने शिट्टी दिली. ती त्यांनीही ऐकली. घोट्यावर एक बोट दाबलं गेलं.

मी पायताण काढलं आणि गादीच्या कडेला बसलो.