खालून ऐकणारा सोनकांबळे

सोनकांबळे एखादं गाणं गुणगुणायला लागला, की ते कोणतं गाणं आहे हे ज्यानं ते मुळात गायलं त्यालाही ओळखता येणार नाही. कारण सोनकांबळे चाल गुणगुणत नाही. चालीच्या खाली बेस गिटार जे वाजवते, तेवढंच गुणगुणतो. माझ्या पुतणीच्या हळदीला पोरींनी अंताक्षरी मांडली होती. 'म' आला. सोनकांबळेनं डोळे मिटले, 'डूम डूम, डू-डूम' केलं आणि जिंकल्यासारखं सगळ्यांकडे बघितलं.

"काका, शब्द?" पोरींनी विचारलं.

"शब्द वर असतात. ते तुम्ही टाका."

आम्ही दोघं रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालो आणि तारनाक्याच्या एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोर राहतो. दोघांचे वडील नांदेडकडून हैदराबादला आले. दोघांनी तरुणपणी एकाच ऑर्केस्ट्रात जयंतीच्या कार्यक्रमांतून भीमगीतांना साथ केली. मी लीड गिटार, तो बेस. मी पुढे, तो मागे ड्रमच्या सावलीत. त्या काळातला आमचा एकच फोटो शिल्लक आहे. त्यात मी पूर्ण आहे आणि सोनकांबळेच्या गिटारची फक्त मान आहे. तो फोटो त्यानं फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय. आलेल्या पाहुण्याला तो त्या मानेवर बोट ठेवून सांगतो, "हा मी."

तेव्हा टाळ्या मला पडायच्या. पण कार्यक्रम संपल्यावर मी घामाघूम होऊन कोणी स्तुती करतंय का हे शोधत फिरायचो आणि हा मागे शांतपणे वायरी गुंडाळत शीळ घालायचा. त्याला माझा हेवा वाटायला हवा होता. कधी वाटला नाही. याचा मला भयंकर राग यायचा. मी मत्सरी माणूस आहे, हे सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते लपणार नाही.

त्याचं एक पालुपद आहे. "वरचं तर कावळ्यालाबी ऐकू येतं. खालून ऐक." हे तो गाण्याबद्दल म्हणतो, भाषणाबद्दल म्हणतो, भांडणाबद्दलही म्हणतो. एकदा आमच्या इमारतीच्या पाण्याच्या मोटरबद्दल म्हणाला. वॉचमन यादगिरी शपथेवर सांगत होता, "मोटर बराबर चलरी साब." सोनकांबळे जमिनीवर तळहात टेकून बसला होता. "नै रे यादगिरी. नीचे से सुन. आवाज उतर गई उसकी." चार दिवसांनी मोटर जळाली. दोन दिवस टँकर आला. याच माणसानं शाप दिला असावा अशा नजरेनं अख्खी इमारत त्याच्याकडे बघत होती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. अडतीस वर्षांपूर्वी रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एका इंग्रज बँडची कॅसेट सापडली. मला सापडली, हे लक्षात ठेवा. संगीत होतं प्रोग्रेसिव्ह रॉक. हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, यात गाणं सुरू झालं की बाईनं भाकरी थापायला घ्यावी. चौथी भाकरी तव्यावर पडते तेव्हा गाणारा तोंड उघडतो. ताल मध्येच सातावर जातो, मध्येच पाचावर. मी गिटारवर फिदा झालो. सोनकांबळेनं ती कॅसेट ऐकली आणि म्हणाला, "गायकवाड, तो खालचा माणूस कोण आहे रे?"

तेव्हापासून आमचा नियम ठरला. या बँडचं नवीन काहीही आलं, की पहिलं ऐकणं दोघांनी मिळून, रविवारी सकाळी, सोनकांबळेच्या घरी. सगळं एका बैठकीत ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही. संपल्यावर त्याची बायको, सुशीलावहिनी, चहा आणायच्या, मग भांडण. मी गिटारच्या बाजूनं, तो बेसच्या. कॅसेट गेल्या, सीड्या आल्या, सगळं फोनमध्ये आलं. बँड फुटला, जुळला, पुन्हा फुटला. नियम मात्र मोडला नाही.

काही महिन्यांपूर्वी बातमी आली, की त्या बँडच्या बेसवाल्यानं पंचाहत्तरी ओलांडल्यावर स्वतःचा पहिला अल्बम काढलाय. एकट्याचा. गाणं नाही, शब्द नाहीत, नुसत्या बेस गिटारी, एकावर एक चढवलेल्या. बातमी मलाच आधी कळली. मी धावत समोर गेलो. वाटलं, सोनकांबळे मला मिठी मारेल. तो म्हणाला, "हौ, बघितलं." आणि दारातच उभा राहिला.

"मग रविवारी?"

"या रविवारी नको. बघू."

अडतीस वर्षांत 'बघू' हा शब्द आमच्यात आला नव्हता.

पुढच्या रविवारी मी तयार होऊन बसलो. दहा वाजता समोरून डूम-डूम सुरू झालं. मी चपला घातल्या, जाऊन घंटी वाजवली. कोणी दार उघडलं नाही. पुन्हा वाजवली. आतून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला, पण दार बंदच. मी परत आलो. एवढा अपमान मला बढतीच्या वेळी डावललं तेव्हाही झाला नव्हता. त्यानंतर रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी तोच अल्बम समोरून ऐकू यायचा. मी दाराच्या भोकातून बघत राहायचो.

"सवतीसारखं काय टपून बसलाय?" माझी बायको म्हणाली. "जाऊन विचारा ना."

"मी कामून विचारू? त्यानं सांगावं."

संशय मला केळकरवर होता. केळकर पुण्याचा, आयटीतला, चाळिशीचा, वरच्या मजल्यावर राहतो आणि आमच्या मराठी मंडळाचा नवा कार्यवाह आहे. त्याच्याकडे कमरेएवढे स्पीकर आहेत. एक दिवस मी त्याला त्यातला एक स्पीकर उचलून सोनकांबळेच्या घरात नेताना बघितलं. अडतीस वर्षं मी त्या घरात नुसता कान घेऊन गेलो, आणि हा पोरगा स्पीकर घेऊन गेला आणि आत घेतला गेला!

त्यानंतर दोन दिवसांनी सोनकांबळे कोपऱ्यावरच्या दुकानात फुगे घेताना दिसला. पन्नास फुगे. फुगे म्हणजे वाढदिवस, वाढदिवस म्हणजे पार्टी, आणि मला निरोप नाही म्हणजे मी त्या पार्टीत नाही. चिडून मी तो अल्बम घरी एकट्यानं ऐकला. कानात बटणं घालून, चार वेळा. इतका कंटाळवाणा अल्बम मी आयुष्यात ऐकला नव्हता. एक म्हातारा एका तारेवर रेंगाळतोय, बस.

आणि मग मंडळाच्या ग्रुपवर निमंत्रण आलं. 'मासिक रसग्रहण. वक्ते श्री. सोनकांबळे. विषय, एका बेस गिटार वादकाचा एकल अल्बम. स्थळ, जामबागच्या शाळेतला हॉल. वेळ, सकाळी साडेदहा.' आमच्या मंडळाचं रसग्रहण म्हणजे आजवर कविता, फार तर नाट्यपदं. मी जाणार नव्हतो. सव्वादहाला शेवटच्या रांगेत जाऊन बसलो.

चाळीसेक माणसं होती, बहुतेक साठीच्या पुढची. अध्यक्षांचा काही गोंधळ झाला होता. त्यांनी निमंत्रण वरवर वाचलं होतं आणि इंग्लंडहून कलाकार स्वतः येतोय असं त्यांना वाटलं होतं. टेबलावर शाल आणि नारळ मांडून ते केळकरला सारखे विचारत होते, "पाहुणे कुठवर आले? जेवण शाकाहारी चालेल ना त्यांना?" केळकरनं समजावल्यावर ते जरा हिरमुसले. पण शाल आणलीच होती, म्हणून सोनकांबळेच्या खांद्यावर टाकली.

मग केळकर एक मोठी पिशवी घेऊन रांगांतून फिरला आणि प्रत्येकाच्या हातात एकेक फुगवलेला फुगा देत गेला. मी म्हटलं, "मला नको."

"काका, घ्या ना, त्याशिवाय मजा नाही."

"मी गिटार वाजवलेली आहे. मला फुगा लागत नाही."

सोनकांबळे माइकसमोर उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर पुढे. "मंडळी," तो म्हणाला, "हा माणूस पन्नास वर्षं मागं उभा राहिला. लोक गाणाऱ्याकडं बघायचे, गिटारवाल्याकडं बघायचे." इथं त्यानं माझ्याकडे पाहिलं असा मला संशय आहे. "त्यानं कधी तक्रार केली नाही. आता म्हातारपणी तो एकटा पुढं आलाय, आणि पुढं येऊनसुद्धा तो खालीच वाजवतो. त्याला वर यायचंच नाही. त्याला फक्त तुम्ही खाली यायला पाहिजेत. दोन्ही हातांनी फुगा धरा. मांडीवर. दाबू नका, हल्लू. आता कानानं नका ऐकू."

केळकरच्या स्पीकरमधून पहिला सूर आला. सोवळ्यातल्या प्रसादासारखे फुगे सांभाळत बसलेले ते सगळे म्हातारे-म्हाताऱ्या एकदम ताठ झाले. "अगंबाई!" कोणीतरी म्हणालं. "हा तर थरथरतोय." एका निवृत्त प्राध्यापकांनी समीक्षेच्या भरात फुगा जोरात दाबला आणि तो फाटकन फुटला. सोनकांबळेनं खिशातून दुसरा काढून, स्वतः फुगवून त्यांना दिला. मी हाताची घडी घालून बसलो होतो. सगळ्या हॉलमध्ये फुगा नसलेला मी एकटा.

आणि तेव्हा मला सुशीलावहिनी दिसल्या. पहिल्या रांगेत, स्पीकरच्या अगदी जवळ. त्यांनी फुग्यावर गाल टेकवला होता आणि डोळे मिटले होते. मध्येच त्यांनी एक बोट वर केलं, आणि बोट वर गेलं त्याच क्षणी सूर बदलला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. त्यांना तो अख्खा अल्बम पाठ होता. सोनकांबळे माइक सोडून त्यांच्याचकडे बघत उभा होता.

म्हणजे माझी जागा केळकरनं घेतलीच नव्हती. ती वहिनींनी घेतली होती! अडतीस वर्षांत त्या बाईला मी एकदाही आमच्या बैठकीत बघितलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर मी सोनकांबळेला कोपऱ्यात गाठलं. "पहिल्यांदा वहिनींबरोबर ऐकलंस तू. मी घंटी वाजवत होतो बाहेर. दोनदा."

"वाजवली असशील. मला आवाजात ऐकू आली नाही. अन् तिला... तिचे कान गेले रे, गायकवाड. वरचं सगळं गेलं. घंटी नाही, फोन नाही, नातीचा आवाज नाही. मी बोललो तर माझे ओठ बघते. डॉक्टर म्हणाले मशीन लावू, ते लागेल तेव्हा लागेल, पण खालचं तेवढं अजून थोडं शिल्लक आहे. अन् नेमका तेव्हाच ह्या बाबानं अल्बम काढला."

"मला सांगायचं होतंस."

"तिनं नको म्हटलं. म्हणाली, भाऊजींना कळलं की ते माझ्याशी वरडून बोलायला लागतील. मी आधी फुगे आणून बघितले, मग केळकरचा स्पीकर आणला. पहिल्या दिवशी तिच्या हातात फुगा थरथरला, तर पोरीसारखी हसली." त्यानं खांद्यावरची शाल काढून तिची घडी घालायला सुरुवात केली. "अन् खरं सांगू? तू आला असतास तर आपण दोघांनी ऐकलं असतं. ती चहा करत बसली असती. अडतीस वर्षं तेच केलं. ती आतून विचारायची, काय ऐकता हो एवढं? मी म्हणायचो, सांगतो नंतर. आता सांगायला बसलो, तर एवढंच शिल्लक राहिलं."

मीही त्या घरी शेकडो कप चहा प्यालो होतो आणि 'वहिनी, तुम्हीपण बसा' एवढं म्हणालो नव्हतो. खरं म्हणजे ते माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं, आणि या गोष्टीची मला त्या हॉलमध्ये फार लाज वाटली.

मी पहिल्या रांगेपाशी गेलो. ओरडलो नाही. त्यांना माझं तोंड नीट दिसेल असा समोर बसलो आणि विचारलं, "वहिनी, कसं वाटलं?"

त्यांनी माझे ओठ वाचले. थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "चांगलं आहे भाऊजी. पण चौथ्यात एक जागा आहे. तिथं तो सूर लावतो अन् सोडतच नाही. हळूहळू जाऊ देतो त्याला. ह्या माणसाचं कुणीतरी गेलेलं आहे बघा. यांना म्हटलं तर हे म्हणतात, तुला कसं कळलं? हाताला कळतंय की."

मी तो अल्बम चार वेळा ऐकला होता. ती जागा मला सापडली नव्हती. अडतीस वर्षं मी सोनकांबळेचा हेवा केला, केळकरचा केला, दर टाळीचा हिशेब ठेवला. पण त्या बाईचा मला त्या क्षणी जेवढा हेवा वाटला, तेवढा आजवर कोणाचाच वाटला नव्हता.

"कुठं आहे ती जागा?" मी विचारलं.

वहिनींनी माझा हात धरून ओढला आणि त्या स्पीकरवर सपाट ठेवला. वरून स्वतःचा हात दाबला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "चौथं परत लावा. भाऊजींनी ऐकलं नाही."