दत्ताभाऊ आणि बोलायची बाई

दत्ताभाऊ डॉक्टरांकडे जाताना पिशवीत पाच किलोचं लोखंडी वजन घेऊन जातात. दवाखान्यातल्या काट्यावर आधी ते ठेवायचं, आकडा बरोबर आला की मगच स्वतः उभं राहायचं. नर्स पहिल्यांदा हसली होती. आता ती मुकाट बाजूला सरकते. "काट्यात भानगड असते," असं त्यांनी मला समजावलं. दत्ताभाऊंच्या जगात भानगड नाही अशी वस्तूच नाही.

आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक चिऱ्याचा गडगा, त्यामुळे हा माणूस मला चुकवता येत नाही. उभा जन्म बोटीवर इंजिनात काढला. बंदरोबंदरी लोकांनी फसवलं म्हणतात, आणि त्याचा वचपा रत्नागिरीवर काढतात. मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात बांगड्याचे कल्ले उघडून बघतात, इथवर ठीक. पण बर्फ कशाला टाकलास, याचाही जाब मासेवालीला विचारतात. एका बागायतदाराने प्रेमाने पाठवलेली आंब्याची पेटी त्यांनी तळापर्यंत उपसली. अहो, भेटीत कोण फसवेल, म्हटलं, तर म्हणाले, "भेट का दिली, तीच तर भानगड."

साखर आणि पोट दोन्ही हाताबाहेर गेली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना आठवड्याला टोचायचं इंजेक्शन दिलं. त्याने भूक मंदावते, वजन उतरतं. ही इंजेक्शनं राहतात माझ्या फ्रीजमध्ये, दह्याच्या मागे. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, कळता कामा नये, एवढंच सांगितलं. का, ते नाही. शिवाय डॉक्टरांनी बजावलं होतं की खाणं सुटलं की माणसाचं मनही कधी बिनसतं, तेव्हा आमच्या समुपदेशक बाईंशी बोलत जा. दत्ताभाऊंनी तिचं नाव ठेवलं 'बोलायची बाई', आणि साक्षीदार म्हणून मला शेजारी बसवलं. ती बिचारी हळू आवाजात विचारायची, घरी जेवताना कसं वाटतं? हे म्हणायचे, "बरं." बाहेर आलं की माझ्या कानाला लागायचे, की वजन उतरवायचं तर ही घरातल्या खबरी कशाला काढते?

मग डबा सुरू झाला. दुपारी मागच्या दाराने यायचे, पंच्याखालून डबा काढायचे आणि म्हणायचे, खा. आत वहिनींच्या हातचं बांगड्याचं तिखलं. मी घास घेतला की उलटतपासणी सुरू. तिरफळ लागतं का? खोबरं भाजलेलं की कच्चं?

"मेल्या, गिळू नको. आधी जिभेवर ठेव."

माझ्या मनात पाल चुकचुकली. सगळ्या जगावर संशय घेणारा माणूस बायकोला तरी का सोडेल? वहिनींच्या जेवणात काही आहे का, हे माझ्या जिवावर तपासत होते की काय? भीती खरीच वाटली. पण तिखलं इतकं सुरेख, की भीत भीत मी डबा पुसून खायचो. त्यांचा पट्टा आत जात होता आणि माझ्या पँटचं बटण लागेनासं झालं.

शेवटी न राहवून मी बोलायच्या बाईसमोरच त्यांना विचारलं, की ही डब्याची काय भानगड? दत्ताभाऊ मांडीवरच्या पिशवीतलं ते वजन चाचपत म्हणाले,

"बाई, मी वर्षवर्ष बोटीवर. घरी आलो की हिच्याशी काय बोलायचं ते कळत नसे. ती विचारायची, कसं झालंय? मी खोड काढायचो, ती भांडायची. तेवढंच येतं आम्हाला बोलायला. आता दोन घासांवर जात नाय. भूक मेली हे कळलं, तर ती विचारायचीच थांबेल."

म्हणजे माझं मत घेऊन हे घरी जायचे आणि आपलं म्हणून सांगायचे. बाई म्हणाली, एकदा वहिनींना घेऊन या. यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशीचं तिखलं खारट, तोंडात धरवेना. मी तसं सांगितलं. दत्ताभाऊ लगबगीने गेले आणि थोड्याच वेळात गडग्यापलीकडून कडाक्याचं भांडण ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी.

संध्याकाळी वहिनी गडग्याशी आल्या. "भाऊजी, मीठ फार झालं होतं ना? तुम्हाला उगाच त्रास."

मी गडग्यावरची वाळकी पानं झाडू लागलो.

"पडवीत बसून जेवतो म्हणतात. आधी वाटलं मांजराला घालतात. मग तुमच्या दाराशी बघितलं. ते इंजेक्शनचंही ठाऊक आहे मला. पण तुम्ही रोज छान म्हणता हो. छान म्हटलं की आमचं बोलणं तिथंच संपतं." जाता जाता म्हणाल्या, "त्यांना सांगू नका."

आज डबा आला. तिखलं असं झालं होतं की तोड नाही. दत्ताभाऊ माझ्या तोंडाकडे टक लावून बसले होते.

"सोलं जरा कमी पडली, आंबटपणा नाही," मी म्हटलं.

"नक्की?" त्यांनी संशयाने विचारलं.

"नक्की."

डबा तिथंच टाकून ते घराकडे निघाले. गडगा ओलांडायच्या आधीच त्यांनी हाक घातली, "अगो, ऐकलंस काय!"