मांत्रिकाची बढती

आमच्या गुरुशांतला घरातलं काही काम सांगितलं की त्याच्या कमरेत उसण भरते. दर रविवारी मात्र हाच गडी सतरंजीवर मांडी ठोकून दिवेलागणीपर्यंत हलत नाही. सोबत त्याचा मित्र प्रभु, आणि खेळ चालवायला आमची सून काव्या. पट नाही, पत्ते नाहीत. काव्या म्हणते, समोर जंगल आहे. हे दोघं म्हणतात, आम्ही शिरलो. मग फासे टाकायचे.

गुरुशांत त्यात मांत्रिक. राक्षस हरवले की पॉइंट, पॉइंट साठले की लेवल वाढते, आणि वाढली की एक नवी विद्या घ्यायची. मांत्रिक कित्येक महिने नवव्या लेवलला अडकला होता. दहावीला तो उडणार होता. जेवताना तेच, झोपताना तेच. ऑफिसातली बढती हुकली तेव्हासुद्धा पोरगा एवढा कासावीस झाला नव्हता.

त्या रविवारी एक राक्षस तेवढा उरला, आणि माझी बहीण चंद्रव्वा अक्कलकोटहून स्टँडवर येऊन बसली. आणायला गुरुशांतलाच जावं लागलं. गाडीची किल्ली घेता घेता मला म्हणाला, "अव्वा, माझ्या जागी बस. फासा टाक फक्त. बोलू नको."

मला म्हणाला, बोलू नको.

पुलावर राक्षस आडवा आला. प्रभुने तलवार काढली. मी आधी त्याला खाली बसवलं आणि राक्षसाला विचारलं, कुठल्या गावचा, घरी कोण कोण, जेवलास का. उत्तरं काव्यानेच द्यायची. ती थोडा वेळ गुरगुरली, मग म्हणाली, सकाळपासून उपाशी आहे. मांत्रिकाच्या पिशवीत काय आहे पाहायला सांगितलं, तर दोर, मेणबत्त्या आणि विषाची बाटली. एवढ्या लांबच्या वाटेला निघालेला माणूस, आणि जवळ कडक भाकरी नाही की शेंगाचटणी नाही. शेवटी प्रभुच्या पिशवीतला शिळा पाव दिला आणि फासा टाकला. राक्षस मुकाट बाजूला झाला, वर वेशीपर्यंत सोबतही आला. मारलं काय आणि समजावलं काय, पॉइंट सारखेच, असं काव्याने सांगितलं.

लेवल वाढली. काव्याने विचारलं, विद्या कुठली घ्यायची? प्रभु गयावया करू लागला, "काकू, उडायचंच घ्या. त्यो लई रडंल."

मी सगळ्या विद्या ऐकून घेतल्या आणि स्वयंपाक घेतला. उडून हा उपाशी पोटी जाणार कुठे?

गुरुशांत मावशीला घेऊन आला, ऐकलं आणि मटकन खाली बसला. काव्याला म्हणाला, बदल. पण मागे प्रभुने चुकून पोहणं घेतलं होतं, तेव्हा 'घेतलं ते घेतलं' हा नियम यानेच काढला होता. प्रभुने तो हसत हसत ऐकवला.

तेवढ्यात चंद्रव्वाने चूल थंड का म्हणून विचारलं. खेळाच्या नादात सगळेच विसरलो होतो, मीसुद्धा.

मी पिठाचा डबा गुरुशांतच्या मांडीवर ठेवला.

"मावशी उपाशी हाय. धाव्या लेवलचा आचारी हायस तू आता, ऊठ. आन् कमरेचं सांगू नको. मांत्रिकाची कंबर ठणठणीत हाय, मी बघितलीय."