कमलाकांताने टाकीला ताडी पाजली

"टाकीचं मला सांगतेस? अगो, तेवीस वर्सं मी दुसरं केलं तरी काय!"

असं म्हणून कमलाकांताने चहाची बशी खाली ठेवली आणि बनियनमधली छाती जमेल तेवढी फुगवली. मंगळवारची सकाळ होती, एडवणमधल्या त्यांच्या वाडीतल्या घराचा ओटा होता आणि विषय होता संडासाचा.

तेवीस वर्षं म्हणजे खरोखरच तेवीस. तारापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कमलाकांत घाण पाणी साफ करायच्या प्लांटवर ऑपरेटर होता. आठवडाभर तिकडेच सरावलीला खोलीवर राहायचा आणि रविवारी घरी येऊन गावाला पाण्यावर व्याख्यान द्यायचा. तपासणीच्या दिवशी त्याच्या प्लांटचं पाणी इतकं स्वच्छ निघायचं की आलेले साहेबच विचारायचे, "हे नळाचं तर नाही ना?" ते नळाचंच असायचं, पण कमलाकांत ती गोष्ट सांगत नसे.

आता निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. ऐकून घ्यायला घरात एकटी मंजुळा.

आणि मंजुळाला त्या आठवड्यात अजिबात वेळ नव्हता. वाडीकडच्या दोन खोल्या तिने चार महिने खपून पाहुण्यांसाठी तयार केल्या होत्या. नवे पडदे, नव्या गाद्या, खोलीला लागून संडास-बाथरूम आणि फाटकावर पाटी, 'मंजुळा विश्रांती'. पाटीवर स्वतःचं नाव! लग्नपत्रिकेनंतर बाईचं नाव छापलं गेलं ते थेट रेशनकार्डावर, तेही नवऱ्याच्या खाली. त्यामुळे पाटी लागली त्या दिवशी ती चार वेळा उगीचच फाटकापर्यंत जाऊन आली होती. शनिवारी पहिले पाहुणे यायचे होते, बोरिवलीचे निमेशभाई, सहा माणसं, दोन दिवस.

सजावटीत कमलाकांताचाही हात होता, नाही असं नाही. खोल्यांच्या मागे एक उंच, बोडका पाईप उभा होता. पाहुण्यांच्या फोटोत तो कसा दिसेल! म्हणून गेल्याच आठवड्यात त्याने पाइपाच्या टोकावर ताडीचं एक जुनं मडकं उपडं बसवलं, पांढऱ्या सिमेंटने गच्च लिंपलं आणि वर लाल-पिवळी नक्षी काढली. मुंगीलाही आत जायला वाट नाही, असं काम! येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मान वर करून ते मडकं बघायला लावायचा.

तर त्या मंगळवारी मंजुळाने पाहुण्यांच्या संडासात बादलीभर पाणी ओतून पाहिलं. पाणी खाली जायच्या ऐवजी वर आलं, थोडा वेळ थांबलं, गुडगुड गुडगुड बोललं आणि मग नाइलाजाने गेलं.

"अवो, बोईसरच्या प्रीतमला फोन करा," ती म्हणाली. "त्याचा टाकी उपसायचा टँकर हाय. तासाभराचं काम."

"त्या कालच्या पोराला? माझ्या टाकीला हात लावायला?"

"मग कोण लावल?"

"मी!"

मंजुळाने कपाळाला हात लावला. "ह्ये बघा, टाकीचं झाकण उघडायचं नाय. आत डोकावायचं तर नायच नाय! आतल्या विषारी वाऱ्याने धडधाकट माणसं गेलीत."

"मी काय येडा हाय? टाकीत उतरतो तो अडाणी. मी वरूनच उपचार करनार."

आणि उपचार सुरू झाला. कमलाकांत टाकीच्या लादीवर आडवा झाला, कान लावला, डोळे मिटले. कुंपणापलीकडून जाणाऱ्या दोन बायकांना वाटलं, गेला! त्या धावत आल्या तेव्हा त्याने बोट वर करून त्यांना गप्प केलं.

"जंतू उपाशी हायत," त्याने निदान जाहीर केलं.

"कोण उपाशी?" मंजुळाने विचारलं.

"जंतू! घाण खातात ते. घरात मानसं दोन, त्यांचं पोट भरनार कसं? प्लांटवर आमी काय करायचो? शेण आन गूळ! जंतू कसे तरारून यायचे!"

बुधवारी त्याने दोन बादल्या शेण कालवलं. त्यात गूळ घातला, म्हणजे पाहुण्यांच्या नारळीपाकासाठी मंजुळाने डब्यात जपून ठेवलेला सगळा गूळ! ते सगळं त्याने पाहुण्यांच्या त्या पांढऱ्याशुभ्र कमोडमध्ये ओतलं. मंजुळा दाराशी उभी राहून बघत होती. चार महिने तिने तो कमोड दुधाच्या भांड्यासारखा घासला होता.

संध्याकाळी गुडगुड दुप्पट झाली.

"ऐक! जेवतायत!" कमलाकांत खूश.

गुरुवारी सकाळी पाणी आणखी वर आलं आणि खाली जायचं नावच घेईना.

"आता काय झालं?" मंजुळाचा आवाज चढला. "पोट भरून निजले का तुमचे जंतू?"

"जेवले, पण पचत नाय त्यांना," कमलाकांत गंभीरपणे म्हणाला. "काहीतरी आंबवनारं पायजे. जिवंत!"

आंबणारं आणि जिवंत! पालघर तालुक्यात मे महिन्यात हे दोन शब्द उच्चारले की पुढचं नाव सांगावं लागत नाही. ताडीवाला सुका रोज सकाळी ताडावरून ताडी उतरवून घरासमोरूनच जायचा आणि कमलाकांताचा रोजचा तांब्या ठरलेला होता. तो तांब्या मंजुळाला माहीत होता आणि मंजुळाला माहीत आहे हे कमलाकांताला माहीत नव्हतं.

"सुका, आज किती हाय?"

"दोन कॅन, दादा."

"दोनी दे."

सुकाचा चेहरा उजळला. "काय कार्य हाय का?"

"कार्यच समज!"

सुका हौसेने कॅन उचलून मागोमाग आला. पाहुण्यांची खोली, बाथरूम, आणि मग डोळ्यांसमोर त्याची पहाटेची ताजी ताडी भसाभस कमोडमध्ये! सुकाने भिंतीला हात टेकला.

"दादा! मी जीव टांगून ताडावर चढतो! आन तू... संडासात वततोस?"

"अरे, चांगल्या कामासाठी..."

"माझ्या ताडीला काय वास येतो? पानी घातलं मी? तोंडावर सांगायचं व्हतं!"

दुसरा कॅन पुरा रिकामा झालेलाही त्याने पाहिला नाही. भरल्या डोळ्यांनी गेला आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेला. पहिल्या घरी गोष्ट होती, 'कमलाकांतदादाने ताडी संडासात वतली.' विहिरीजवळ तिचं झालं, 'कमलाकांताने ताडी सोडली.' आणि ती लाडकीकाकूंच्या ओट्यावर पोचली तेव्हा कमलाकांताने मंजुळाच्या पाया पडून, लेकराची शपथ घेऊन, घरातली सगळी दारू गटारात वाहवली होती!

लाडकीकाकू महिला मंडळाच्या अध्यक्ष. सात वर्षं त्या गावात दारूबंदीसाठी झटत होत्या. दर वर्षी तालुक्याला अहवाल जायचा आणि 'व्यसनमुक्त झालेल्यांची संख्या' या रकान्यात दर वर्षी भोपळा! सात वर्षांनी देवाने एक माणूस दिला होता. काकूंनी ताबडतोब शाल काढायला सांगितली.

शुक्रवारी चमत्कार झाला. दुपारी कमलाकांताने तांब्याभर पाणी ओतलं आणि ते निमूट खाली गेलं! एक तांब्या! पण त्याला तेवढं पुरलं.

"बघितलंस? इंजिनेर झक मारतात!" आणि तो जेवून घोरत पडला.

मंजुळाने मात्र माडाखाली जाऊन हळूच प्रीतमला फोन लावला. प्रीतम बेटेगावला कामात अडकला होता. "काकी, उद्या अकरा-साडेअकराला येतो," म्हणाला. ती रात्री झोपली नाही. फाटकावरची पाटी डोळ्यांसमोर येत राहिली.

आणि शनिवार उजाडला तो तापतच. दहा वाजेपर्यंत टाकीवरची लादी अशी तापली की तिच्यावर जवळा वाळला असता. खाली शेण, गूळ, दोन कॅन ताडी, वर मे महिन्याचं ऊन. पुढचं तुम्हीच समजा!

अकरा वाजता फाटकाशी दोन गोष्टी एकदम आल्या. उजवीकडून निमेशभाईंची गाडी आणि डावीकडून लाडकीकाकूंचं महिला मंडळ, शाल, नारळ आणि हार घेऊन.

"कमलाकांतभाव, बसा खुर्चीत!" काकूंनी हुकूम सोडला.

"मी? कशाला?"

"बसा म्हणते ना!" हार गळ्यात पडला. सत्कार कशाचा हे कमलाकांताला कळेना, पण तेवीस वर्षांत कारखान्याने एकदाही हार घातला नव्हता, म्हणून तो बसून राहिला.

इकडे निमेशभाई गाडीतून उतरले ते गुडघे जुळवूनच. घाटातली वळणं आणि वाटेत प्यालेलं शहाळं दोन्ही त्यांना भोवलं होतं.

"काकी, बाथरूम किधर... कुठे आहे?"

 मंजुळाने देवाचं नाव घेतलं आणि दार दाखवलं. निमेशभाई आत गेले आणि दुसऱ्याच क्षणी बाहेर आले.

"काकी! अंदर... फेस!"

कमोडमधून पांढराशुभ्र फेस उतू चालला होता. तो लादीवर उतरला, उंबऱ्याखालून सरकला आणि आंबट वासाची एक लाट घेऊन अंगणात आला, थेट सत्काराच्या खुर्चीपर्यंत! निमेशभाईंची बायको हिमानी नाकाला ओढणी लावून गाडीकडे मागे मागे सरकू लागली.

आणि लाडकीकाकूंचं भाषण नेमकं रंगात आलं होतं. त्यांनी फेसाकडे हात केला.

"बघा, बघा बायांनो! परवा वतलेली, तरी आज फेस येतोय! किती पीत असल हा मानूस! आन सगळी सोडली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कमलाकांताला आत्ता कुठे कळलं की सत्कार कशाचा आहे. तो "अवो, पण ती जंतूंसाठी..." असं काहीतरी पुटपुटला, तेवढ्यात त्याच्या तोंडात पेढा गेला.

"हिमानी, गाडीत बस," निमेशभाई घायकुतीला येऊन म्हणाले. "केळव्याला दुसरं बघू. जल्दी!"

ते ऐकलं आणि मंजुळा सत्काराच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. टाळ्या थांबल्या.

"चार महिने," ती नवऱ्याकडे बघून म्हणाली. "चार महिने मी मरमर मरले. कारखान्याला तेवीस वर्सं दिलीत. मला एक शनवार देता आला नाय तुमाला?"

कमलाकांताने गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला. पेढा तसाच तोंडात राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पाण्याबद्दल काहीही सांगावंसं वाटलं नाही.

तेवढ्यात फाटकात टँकर घरघरला. प्रीतम उतरला, फेस बघून थबकला, घराला एक फेरी मारली आणि मान वर केली.

"काकी, ह्या पाइपावर मडकं कोनी बसवलंय?"

सगळ्यांनी वर पाहिलं. कमलाकांताने माडाकडे पाहिलं.

"शोभेला हाय," मंजुळा म्हणाली. "का रे?"

"शोभेला?" प्रीतमने हसू दाबलं. "काकी, हा टाकीचा वारा जायचा पाईप. ह्याचं तोंड बांधलं तर टाकी श्वास कुठून घेनार? वारा बाहेर जाईना म्हनून पानी आत जाईना!"

त्याने आंबे काढायची काठी घेतली आणि मडक्याला एक टोला दिला. दुसरा दिला. लिंपण खरंच एक नंबर होतं! तिसऱ्या टोल्याला मडकं उडालं आणि पाइपातून फुस्स करून असा काही दीर्घ सुस्कारा आला की माडावरचे कावळे उठले. आत कमोडने घटघट करून सगळा फेस गिळला.

प्रीतमने दोन बादल्या पाणी मारून सगळं धुतलं. "जा शेठ!"

निमेशभाई धावले. अंगणात सगळ्यांचे कान त्या दाराकडे. वीसेक बाया, एक सत्कारमूर्ती, कोणी श्वास घेईना. मग आतून पाणी सोडल्याचा आवाज आला, खळखळत, भरभरून, आणि मंडळाने पुन्हा टाळ्या वाजवल्या. मंजुळा पदराने डोळे पुसत हसली.

"आता टाकी उपसशील ना?" कमलाकांताने शेवटचा प्रयत्न केला.

"कशाला? अर्धीपन भरली नसल, काका. अजून चार वर्सं ह्या टाकीला काही होत नाय," प्रीतम टँकरवर चढत म्हणाला. "फकस्त दुरुस्त करू नका!"

निमेशभाई केळव्याला गेले नाहीत. दोन दिवस राहिले, पापलेट खाल्लं आणि ताडी इतकी आवडली की फोनवर सगळ्यांना वाचता येईल असं लिहून टाकलं, 'बाथरूम एक नंबर, ताडी एक नंबर.' तेव्हापासून प्रत्येक पाहुणा आल्याआल्या आधी ताडीच मागतो. ती आणायला मंजुळा नवऱ्यालाच पाठवते. सगळ्या गावात एवढा विश्वासाचा माणूस दुसरा नाही. तालुक्याच्या अहवालात त्याचं नाव आहे, ओट्यावर शालीतला फोटो आहे आणि वाटेत लाडकीकाकूंचं घर आहे. काकू कॅनवर नजर ठेवून दारातच उभ्या असतात. थेंबभर कमी होऊन चालत नाही!

परवाच कमलाकांत सकाळी रिकामा कॅन घेऊन ताडाखाली जाऊन उभा राहिला. वरून सुकाने त्याला नीट निरखलं, खाली उतरला, पण मडकं काही कलंडेना.

"दादा," त्याने विचारलं, "आजची पावन्यांची, का संडासाची?"