कर्णिकअण्णा आणि रविवारचा फोन

समोरच्या फ्लॅटमधले कर्णिकअण्णा नवं पुस्तक आणतात आणि आधी ते फाडतात. रागानं नव्हे हो, पट्टी धरून, नीट. "अडीचशे पानांत मुद्दा नऊ पानांचा असतो, अक्का. बाकी नुसतं पाणी घालून वाढवलेलं पिठलं!" ती नऊ पानं स्टेपल होतात आणि उरलेला गठ्ठा माझ्या दाराशी येतो. मी त्यावर भाजी निवडते.

माणूस पुण्याचा, आयटीतला, इथं सर्जापूर रोडवर एकटाच राहतो. मी बेंगळूरची, पिढ्यान्‌पिढ्यांची. आमच्यात स्वल्प केस पिकले की माणूस अण्णा होतो. पहिल्या हाकेला कर्णिक दचकले होते. आता ओ देतात, वर मलाही अक्का म्हणतात.

पायाला भिंगरी. एका पुस्तकात वाचलं म्हणून पहाटे पाचला उठायला लागले. साडेपाचला सगळं आटोपून पॅसेजमध्ये येरझाऱ्या. "उठायचं का ते पटलं, अक्का. उठून करायचं काय, ते लेखक पुढच्या भागात सांगणार असेल. चोर लेकाचा!" दुसऱ्या एका लेखकावर तर दातच आहे त्यांचा. "आधीच्या पुस्तकात म्हणतो नाही म्हणायला शिका, आता म्हणतो प्रत्येक संधीला हो म्हणा. अरे, घरी बायकोला काय म्हणतोस ते सांग!"

हे म्हटलं की स्वतःच विषय बदलतात. बायको तीन वर्षांपूर्वी वेगळी झाली. पंधरा वर्षांची सानिका आईजवळ, पुण्याला. तिचा-त्यांचा फोन दर रविवारी अकराला. घरात रेंज नाही म्हणून पॅसेजमध्ये, आणि हातात टिपणं असतात म्हणून स्पीकरवर. शनिवारी पोरीला ईमेल जातो: एक, तब्येत, दोन, अभ्यास, तीन, इतर विषय. पोटच्या पोरीला अजेंडा! कपाळावर हात मारला मी.

मागच्या महिन्यात 'इतर विषया'त ती म्हणाली, "बाबा, दर रविवारी बोलायलाच हवं का?"

"तसं काही नाही," अण्णा म्हणाले आणि फोन संपल्यावर कितीतरी वेळ बंद लिफ्टकडे बघत उभे राहिले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सानिकाच्या आवडीची जाडजूड अंतराळ-कादंबरी घरात आली. "पोरीशी बोलायला विषय नको का?" आजवर असल्या पुस्तकांना हातही लावला नव्हता; आता रोज तक्रारी सुरू. "तीनशे वर्षांचा प्रवास चाललाय, पण यानात कुणी कुणाला जेवलास का म्हणून विचारत नाही! त्या ग्रहावर दोन सूर्य. मग पापड कधी वाळत घालायचे, हे नको लिहायला?" मी पोट धरून हसले. त्यांनी मात्र सात मुद्दे काढले.

"अहो अण्णा, पोर आहे ती, क्लायंट नव्हे!"

"सरी, सरी," म्हणजे आमच्याकडचं 'बरं, बरं', म्हणाले आणि आठवा मुद्दा लिहिला.

परवाच्या रविवारी मी दारात पावटे सोलत बसले होते. खोटं कशाला बोलू, मुद्दामच. पहिला मुद्दा झाला. सानिका म्हणाली, "हं." दुसरा झाला. "हं. बाबा, ठेवू का?"

अण्णांनी कागद खिशात कोंबला. "थांब सानू. मी ते पुस्तक पुरतं वाचलेलंच नाही. तो बाप मुलीला मागे ठेवून यानात चढतो ना, तिथंच अडकलोय. पंधरा दिवस झाले. पुढचं पान उलटायची हिंमतच होत नाही."

मी पावटा हातात धरूनच बसले.

"तो परत येतो का गं?"

"असं सांगायचं नसतं, बाबा," सानिका म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळाच लागला. "थांब, पुस्तक घेऊन येते. मीच वाचून दाखवते."

आणि तिनं खरंच वाचायला घेतलं. अण्णा भिंतीला पाठ लावून जमिनीवरच बसले. माझे डोळे भरून आले, पण उठवेना. एक प्रकरण संपलं. दमून ती म्हणाली, "आता पुढच्या रविवारी."

"अजून किती आहे?" अण्णांनी विचारलं.

"खूप. चारशे पानं तरी असतील."

"बरं झालं," अण्णा म्हणाले.